साहस आणि विवेक

सुखवस्तू घर, उत्तम शिक्षण आणि उज्ज्वल भवितव्य लाभलेला एखादा तरुण सर्वस्वाचा त्याग करून अरण्याची वाट धरतो, तेव्हा लोक त्याला वेडा तरी ठरवितात, नाही तर वीर तरी. हे दोन्ही निवाडे घाईचे होत.

अमेरिकेतील ख्रिस्तोफर मॅकॅन्डलेस हा असाच एक तरुण. १९९० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने अटलांटा येथील एमरी विद्यापीठाची पदवी चांगल्या गुणांनी मिळविली. त्यानंतर आपली सुमारे चोवीस हजार डॉलरांची शिल्लक त्याने भुकेल्यांसाठी झटणाऱ्या संस्थेला दान केली, मोटार वाळवंटात सोडून दिली, जवळच्या नोटा जाळल्या आणि घरी ठावठिकाणाही न कळविता तो भटकंतीस निघाला.

या कृत्याचे मूळ कशात होते? आळसात खचित नव्हते. वाटेत त्याने धान्याच्या कोठारांवर कष्टाची कामे केली. टॉल्स्टॉय व थोरो यांचे ग्रंथ त्याने मनापासून वाचले होते. वडीलधारी माणसे बोलतात एक आणि वागतात दुसरेच, हे तरुणपणी प्रथम ध्यानात येते, तेव्हा ध्येयवादी मनाला सारा समाजच खोटा वाटू लागतो. अरण्य तरी खोटे बोलणार नाही, अशी त्याची श्रद्धा असते. ही ओढ निंद्य म्हणता येणार नाही. अशाच अस्वस्थतेतून समाज सुधारणारी माणसे निपजतात.

परंतु अरण्य जसे खोटे बोलत नाही, तशी ते दयाही करीत नाही. १९९२ च्या एप्रिलअखेर सुमारे साडेचार किलो तांदूळ व एक हलकी बंदूक घेऊन तो अलास्काच्या रानात शिरला आणि तेथे टाकून दिलेल्या एका बसगाडीत राहू लागला. जुलैमध्ये तो परत निघाला. पण येताना सहज ओलांडलेली टेक्लानिका नदी आता दुथडी भरून वाहत होती. थोड्याच अंतरावर तारेवरून नदीपार नेणारा पाळणा होता. तपशीलवार नकाशा जवळ नसल्यामुळे त्याला तो ठाऊकच नव्हता. तो मागे फिरला. ऑगस्टमध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, उपासमारीने त्याचा अंत झाला.

नकाशा म्हणजे तरी काय? आधी त्या वाटेने गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी ठेवलेला अनुभव. समाजाकडे पाठ फिरविताना हा ठेवाही त्याने मागे टाकला. आपल्या एकाकी दिवसांत एका पुस्तकाच्या पानावर त्याने नोंदविले, की वाटून घेतलेले सुख तेच खरे सुख. दूर अरण्यात गवसलेले हे सत्य त्याला माणसांकडेच बोलावीत होते.

तरुणांनी घर सोडू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी आपल्या बोलण्याला आचरणाची जोड द्यावी. आणि ज्या तरुणाला समाजाचा खोटेपणा सलतो, त्याने हे जाणावे, की आपली गरज अरण्याहून समाजालाच अधिक आहे. त्याने रानेवने जरूर हिंडावीत, गिरिशिखरे चढावीत. मात्र जाताना नकाशा बरोबर घ्यावा, आणि जावे ते परतण्यासाठी.