सुफलाची गोणी आणि कंपनीचा शेअर

शेतकरी बंधूंनो, सुफला १५:१५:१५ ची गोणी आपल्या चांगल्या ओळखीची. ती ट्रॉम्बेच्या आरसीएफ कारखान्यात तयार होते. १९७८ साली स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचे शेअर मुंबई शेअर बाजारात मिळतात. शेअर म्हणजे कंपनीतला वाटा. नफा झाला तर लाभांश मिळू शकतो. भाव उतरला तर तोटाही आपलाच. अर्धेलीने जमीन करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

पण बाजार पावसासारखाच बेभरवशाचा. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला. हर्षद मेहता घोटाळा उघड झाला आणि ऑगस्टपर्यंत तो २,५०० च्या आसपास घसरला. उसनवारी करून शिरलेले त्यात पार बुडाले.

म्हणून पीककर्ज, बी-बियाण्याचा पैसा आणि लेकरांच्या शिक्षणाची पुंजी यात घालू नका. चार-पाच वर्षे लागणार नाही तेवढीच शिल्लक घाला, तीही एकाच कंपनीत नको. डीमॅट खाते सेबीकडे नोंदणी असलेल्या दलालामार्फतच उघडा. ‘महिन्यात दामदुप्पट’ म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. गोणी घेताना आपण शिक्का बघतो. शेअर घेताना कंपनीचा ताळेबंद बघावा.