पटाचे नियम आणि जोडीदाराची निवड

शनिवार पेठेतील जुन्या वाड्यांत बाहुला-बाहुलीचे लग्न पिढ्यान्‌पिढ्या लागत आले. त्यात मानपान होता, रुसणारी विहीणही होती. बाहुलीला मात्र तिची पसंती कोणी विचारली नाही. खेळ निरुपद्रवी समजला जातो. वस्तुतः समाजाचे नियम अंगवळणी पाडणारी ती पहिली शाळा आहे.

पटावरील खेळांचेही तेच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 पाने आणि दहा रंग. प्रत्येक रंगात राजा व प्रधान आहेत, राणी नाही. अमेरिकेत 1960 साली निघालेल्या ‘द गेम ऑफ लाइफ’मध्ये लग्नाच्या घरावर प्रत्येकाला थांबावेच लागे. अविवाहित राहण्याची मुभा पटावर नव्हती.

आता अशा खेळांत सर्व प्रकारच्या प्रेमसंबंधांना स्थान असावे, अशी मागणी होत आहे. हे पाश्चात्त्य खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी 1873 साली याच पुण्यात सत्यशोधक पद्धतीने पुरोहिताविना विवाह लागला होता, हे आठवावे. विवाहाचे नियम बदलण्याची परंपरा येथलीच आहे.

परंतु केवळ चित्रे बदलून भागणार नाही. खप वाढत असेल तर खोक्यावर नवे चित्र छापायला कोणताही कारखानदार तयार होईल. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन स्त्रीने 1904 साली जमीनदारीवरील आपल्या खेळाचे पेटंट घेतले. पुढे तिने त्याच पटाला दोन नियमावल्या दिल्या: एकीत मक्तेदार जिंकतो, दुसरीत संपत्तीची वाढ सर्वांच्या वाट्याला येते. खेळाडू तेच, फासे तेच. नियम बदलताच निकाल बदलतो.

जोडीदाराच्या निवडीवरही असा पट रचता येईल. जात, धर्म, लिंग यांची अट न ठेवता प्रत्येकाने जोडीदार निवडावा, किंवा एकटे राहावे. पहिल्या डावात आजचेच नियम असावेत: 1954 च्या विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची नोटीस, भाड्याने न मिळणारे घर, आणि समलिंगी संबंध 2018 मध्ये गुन्हा उरले नसतानाही अशा विवाहाला मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी दिलेला नकार. कोणाच्या सोंगटीला किती घरे मागे यावे लागते, हे मुलांना दिसू द्यावे. दुसऱ्या डावाचे नियम मात्र खेळणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावेत.

नियम माणसांनीच केलेले असतात आणि माणसांनाच ते बदलता येतात, हे ज्या मुलाला पटावर उमगले, ते उद्या घरातल्या बाहुलीलाही तिची पसंती विचारील.