फडातली विषमता, हाडांतली झीज

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाची उचल अंगावर घेतलेल्या या जोडीचा एक दिवस चुकला, की खाडा, म्हणजे दंड, पडतो. मग पाळी, अंगावरून जाणे, ओटीपोटातली कळ, सगळे सोसतच मोळी उचलायची. शेवटी या दुखण्यांवर आणि खाड्यांवर उपाय म्हणून अनेकींची गर्भपिशवीच काढली जाते. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेले चित्र भयंकर होते: बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

पिशवीबरोबर अंडाशयेही गेली, तर इस्ट्रोजेन एकदम घटते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मजुरीतली विषमता अशी हाडांपर्यंत उतरते आणि ऐन उमेदीत म्हातारपण आणते.

अशा शस्त्रक्रियांपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली, ते योग्यच झाले. पण दुखणे सुरू होते ते फडात आणि पालावर. तिथे पाणी, शौचालय, महिला डॉक्टर आणि पाळीच्या दिवसांत खाड्याविना सुट्टी हवी. त्याची जबाबदारी कारखान्यांनी घ्यावी आणि सरकारने ती घ्यायला लावावी. साखरेची किंमत बाईच्या शरीरातून वसूल होता कामा नये.