सगळं फायबर सारखं नसतं

माझं पोट चिडकं आहे. डॉक्टरी भाषेत आयबीएस. वजन उतरवायला निघालेले दोस्त मलाही ‘फायबर खा’ सांगतात, जणू फायबर एकाच जातीचं असतं! गव्हाच्या कोंड्यानं अनेकांचा गॅस आणि कळा वाढतात. पाण्यात फुगणारं इसबगोल सहसा सोसतं. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करायची, भरपूर पाणी प्यायचं, आठवड्या-आठवड्यानं वाढवायचं. चणे, राजमा, कांदा-लसूण (म्हणजे आपलं अर्धं सालन) आतड्यात आंबतात. दुधी, गाजर, पपई मला मानवतात, शिवाय कॅलरीही कमी. दावतीत ‘थोडं तरी घ्या’ म्हणून आग्रह होतो, तेव्हा मी सरळ नाही म्हणतो. पोटाच्या दुखण्याची लाज कसली? मात्र शौचातून रक्त गेलं किंवा वजन आपोआप घटलं, तर आधी डॉक्टरांकडे जा.