बरोबरीत सुटलेल्या डावाचे मोल

बाटुमी येथील महिला विश्वचषक जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, तेव्हा महाराष्ट्रात जल्लोष झाला व तो यथोचितच होता. मात्र अंतिम लढतीतील २६ आणि २७ जुलैचे बरोबरीत सुटलेले दोन डाव त्या जल्लोषात विस्मृतीत गेले. वास्तविक अभ्यासूंसाठी खरा ऐवज तेथेच आहे.

पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. वजिरापुढील प्यादे दोन घरे सारून तिने शेजारचे, उंटापुढील प्यादे देऊ केले. कोनेरू हम्पीने ते मारले. ‘क्वीन्स गॅम्बिट’ स्वीकारण्याची ही रीत फार जुनी. काळा खेळाडू प्याद्याच्या लोभाने ते घेतो, हा नवशिक्यांचा समज होय. ते राखू पाहणारा बहुधा अडचणीत येतो. जाणता खेळाडू ते यथावकाश परत करतो आणि तेवढ्या अवधीत आपली मोहरी मोकळी करून घेतो. त्याची किंमत म्हणून पटाच्या मध्यावर पांढऱ्याचे वर्चस्व त्याला सोसावे लागते. दिव्याला आरंभी वरचढ स्थिती लाभली होती. ती निसटली आणि ४१ चालींनंतर बरोबरी झाली. २००२ पासून ग्रँडमास्टर असलेल्या हम्पीने केलेल्या या बचावाला निष्फळ कसे म्हणावे?

२८ जुलै रोजी निर्णय लागला तो जलद डावांवर. जलद प्रकारातील जगज्जेतेपद तेव्हा हम्पीकडेच होते. तरीही काळ्या मोहऱ्यांनी खेळून दिव्याने दुसरा जलद डाव जिंकला. तिच्या यशाला त्यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. प्रश्न नियमांचा आहे. दीर्घ विचाराच्या खेळाचा मानकरी घड्याळाच्या घाईने का ठरावा? अमर्याद डावांचा उपाय १९८४ साली कार्पोव्ह व कास्पारोव्ह यांच्या लढतीत करून पाहिलेला आहे. ४८ डावांपैकी ४० बरोबरीत सुटले आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती निर्णयाविना थांबवावी लागली. तेव्हा मर्यादा हवीच; पण अंतिम फेरीस केवळ दोन दीर्घ डाव हे अपुरेच. महिलांच्या बाद पद्धतीच्या जगज्जेतेपदात २०१७ साली असे चार डाव होते. तेवढे पुन्हा देण्यास जागतिक संघटनेला अडचण नसावी.

आपल्याकडील शालेय स्पर्धांत तर बरोबरी म्हणजे अर्धा गुण, एवढीच नोंद होते. त्या ४१ चाली अजिंठ्याच्या शाळेतील पटावरही मांडता येतात. दिव्याची वरचढ स्थिती नेमकी कोठे निसटली, हे विद्यार्थ्यांनी शोधावे. शिक्षकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.