बोथट पात्याचे वकील

बुद्धीला धार लावा असं सांगणारे लोक आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मिळतात, निरोपसमारंभात मिळतात. करवतीला धार लावा असं सांगणारा मात्र मला आजवर भेटलेला नाही. वास्तविक बोथट बुद्धीने कुणाचं फारसं अडत नाही. तशा बुद्धीवर पस्तीस वर्षं नोकरी करून, वर सत्काराचा नारळ घेऊन घरी गेलेली माणसं मी याच डोळ्यांनी पाहिली आहेत. बोथट करवतीने मात्र बोटं जातात. आणि नारळ घ्यायलासुद्धा बोटं लागतात.

आमच्या भागात पाणी तापवायचा तांब्याचा बंब अजून बऱ्याच घरांत आहे. बंबाचं तोंड लहान आणि भूक मोठी. त्याला वीतभर लांबीचे तुकडे लागतात आणि ते कापून घ्यायला वखारीत जावं लागतं. तिथे लोखंडी टेबलाच्या फटीतून अर्धं वर आलेलं ते गोल पातं तुम्ही पाहिलं असेल. १७७७ साली इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर नावाच्या गृहस्थाने गोल करवतीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणजे या चाकाला आता अडीचशे वर्षं होत आली. एवढ्या काळात पातं सुधारलं, मोटर आली. ‘अजून चालतंय की साहेब!’ हे वाक्य मात्र होतं तिथेच आहे.

माझं भांडण या वाक्याशी आहे. त्याची वकिली करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे मुद्दे ठरलेले आहेत.

मुद्दा पहिला: धार लावायला वेळ कुणाला आहे? गिऱ्हाईक खोळंबलंय! आता मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. मला लाकडातलं कमी आणि हिशेबातलं जास्त कळतं. म्हणून हिशेबच करू. धारदार पातं लाकडात सुरी जावी तसं जातं आणि खाली दाणेदार भुसा पाडतं. बोथट पातं लाकूड कापत नाही, घासतं. मग खाली भुशाऐवजी पीठ पडतं, कापलेली बाजू काळवंडते, जळका वास सुटतो, मोटर कण्हू लागते आणि विजेचा मीटर पळू लागतो. घासून घासून पात्याची कड तापते. तापलेली कड पसरते, मधला भाग तेवढा तापलेला नसतो, आणि पातं डुलायला लागतं. पोलाद तापून निळं पडलं म्हणजे तर त्याचं पाणीच उतरलं. त्या जागी पुन्हा धार टिकत नाही. धार लावणं हा छोटा खर्च आणि नवं पातं हा मोठा खर्च. पहिला वाचवून दुसरा ओढवून घेणाऱ्याला आमच्या पुस्तकात काटकसरी म्हणत नाहीत. पण दोष एकट्या वखारवाल्याचा तरी कसा म्हणावा? मशीनसाठी कर्ज घेताना तो मशीनची किंमत सांगतो, आम्ही घसारा लिहितो. कानशीचा रकाना त्याच्या डोक्यात नसतो आणि आमच्या फॉर्मातही नसतो.

मुद्दा दुसरा: सारखी धार लावली तर पातं झिजतं. झिजतं ना! साबणही झिजतो, म्हणून कुणी अंघोळ सोडली आहे काय? (आमच्या काउंटरवर मे महिन्यात येणाऱ्या काही खातेदारांबद्दल मला शंका आहे, पण ते असो.) वेळच्या वेळी धार लावली तर दाताला कानशीचे दोन-तीन हात पुरतात. टोक गोळा होईपर्यंत वाट पाहिली तर धार सापडायच्या आधी बराचसा दातच उतरवावा लागतो. म्हणजे पातं जास्त झिजवतो तो आळस. नाव मात्र कानशीचं होतं.

मुद्दा तिसरा: त्यात काय आहे? कानस फिरवली की झालं! हे म्हणजे चलन भरलं की बँकिंग आलं, असं म्हणण्यासारखं आहे. आधी वीज तोडायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग दातांवर चिकटलेला डिंक आणि राळ रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढायची. मग सगळे दात एका गोलाईत आहेत का ते पाहायचं. एखादाच दात लांब राहिला तर सगळी कापणी तो एकटा करतो आणि बाकीचे त्याच्याबरोबर नुसते फिरतात. ही व्यवस्था मला परिचयाची आहे. आमच्या शाखेत ती वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे. तिथे निदान पगार सगळ्यांना मिळतो. करवतीत तो लांब दात आधी झिजतो किंवा मोडतो.

त्यानंतर कानस. आडवं लाकूड कापणाऱ्या पात्याचे दात एकाआड एक उलट बाजूंनी तिरके घासलेले असतात. म्हणून एकाआड एक दात एका बाजूने घ्यायचे, उरलेले दुसऱ्या बाजूने. कोन मूळचा ठेवायचा आणि प्रत्येकाला हात मोजून सारखे द्यायचे. दोन दातांमधली खोबण गोलच ठेवायची. भुसा बाहेर नेणं हे तिचं काम. तिथे कानशीने कोपरा पाडला तर पुढेमागे भेग नेमकी तिथूनच सुरू होते. शिवाय दातांची टोकं आलटून पालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवलेली असावी लागतात, म्हणजे चीर पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. ओल्या लाकडाला ही वाक थोडी जास्त लागते. टोकांना टंगस्टन कार्बाइड बसवलेलं असेल तर तिथे कानशीचं काहीच चालत नाही, हिऱ्याच्या चाकाकडेच जावं लागतं. हे सगळं ज्याला येतं तो माणूस कारागीर आहे. आपण त्याला ‘धारवाला’ म्हणतो आणि दहा रुपयांसाठी त्याच्याशी घासाघीस करतो.

मुद्दा चौथा, आणि इथे माझा विनोद संपतो: हात सरावलेला आहे, काही होत नाही. चोवीस इंची पातं मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर त्याचे दात ताशी सुमारे १७० किलोमीटर वेगाने धावत असतात. या वेगाने कोल्हापूरहून निघालेला माणूस दीड तासाच्या आत पुण्यात पोचेल. पात्याला साठ दात धरले तर एका सेकंदात १५०० दात समोरून जातात. हात कितीही सरावलेला असो, एवढ्या वेगापुढे तो वेळेवर मागे येत नाही. आणि बोथट पात्याला लाकूड रेटावं लागतं. रेटता रेटता तुकडा अचानक सुटला की मागचा सगळा जोर हाताला घेऊन थेट पात्याकडे जातो. वाकडी फांदी चिमट्यात सापडल्यागत अडकली तर तीच उलटून अंगावर येते. ‘धार जास्त म्हणून धोका जास्त’ हा समज इथे उलटा आहे. पात्यावरचं झाकण ‘अडचण होते’ म्हणून काढून भिंतीला टेकवलेलं असतं, आणि त्यावर कुणाचा तरी सदरा वाळत असतो. भेग गेलेलं पातं वेल्डिंग करून पुन्हा चढवणारे महाभागही आहेत. त्यांना माझं एकच सांगणं आहे: ते पातं भंगारात विका. जे चार पैसे येतील ते येतील, बोटांना भंगारातही भाव नाही.

राहता राहिलो आपण, म्हणजे गिऱ्हाईक. या खटल्यात आपण स्वतःला प्रेक्षक समजतो, पण ‘अहो, लवकर आटपा की, मला ऑफिस आहे’ हे वाक्य वखारवाल्याचं नाही, आपलं आहे. माप काट्यावर चोख पाहणारे आपण. पुढच्या खेपेला जरा खालीही पाहावं. भुसा दाणेदार असेल तर निमूट पैसे द्यावेत. पिठासारखा असेल आणि जळका वास येत असेल, तर म्हणावं, ‘मामा, धार लावून घ्या. मी थांबतो.’ त्या दिवशी अंघोळ अर्धा तास उशिरा होईल. साहेब विचारतील, त्यांना खरं कारण सांगावं. ते विश्वास ठेवणार नाहीत, पण मशीनवरचे मामा दुसऱ्या दिवशी दहा बोटांनी तंबाखू मळताना दिसतील.