‘नवीन निघेलच की!’

सर्दी-खोकला झाला, ताप नाही, तरी औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या. अशाने एक दिवस हे औषध चालेनासं होईल, असं सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं: "डॉक्टर, तोवर नवीन निघेलच की!" माझं भांडण या ‘निघेलच की’शी आहे.

ती गोळीच बघा. अझिथ्रोमायसिन हे एरिथ्रोमायसिनमध्ये बदल करून बनवलेलं औषध. एरिथ्रोमायसिन मिळालं फिलिपीन्सच्या मातीतल्या एका जिवाणूपासून, आणि वापरात आलं १९५२ साली. टीबीवरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हेही १९४३ मध्ये मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूपासूनच मिळालं. मृगाच्या पहिल्या सरीनंतर धानाच्या बांधीतून जो वास येतो, तो बराचसा याच जिवाणूंचा. (म्हणून जखमेवर माती लावू नका! तिच्यात धनुर्वाताचे जंतूही असतात. औषध मातीतून वेगळं काढून शुद्ध करावं लागतं.)

हे काम महाराष्ट्रातही झालं आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथे डॉ. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. जिवाणूचं नावही ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन तिथलंच. पुढे तो कारखानाच आजारी उद्योगांत मोजला जाऊ लागला.

आता शोध का अडलाय? माती तपासली की बहुतेक वेळा जुनीच औषधं पुन्हा सापडतात. त्यात मातीतले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाहीत. अमेरिकेत जिवाणू मातीतच पुरून वाढवायची युक्ती काढली, त्यातून मिळालेलं टिक्सोबॅक्टिन २०१५ मध्ये जाहीर झालं. ते मी आजही तुम्हाला लिहून देऊ शकत नाही.

खरी अडचण पैशाची आहे. मधुमेहाची गोळी जन्मभर विकली जाते, अँटिबायोटिक सात दिवस, आणि नवीन असेल तर आम्हीच ते राखून ठेवतो. अकेओजेन या अमेरिकन कंपनीच्या अँटिबायोटिकला २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. असल्या धंद्यात कोण उतरणार? म्हणून हे काम सरकारी पैशानेच व्हायला हवं, जसं पिंपरीला झालं.

आणि ते आपल्याकडे का होऊ नये? गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. सागाच्या, मोहाच्या पाल्याखालची माती गोळा करून जिवाणू वाढवणं आणि ते रोगजंतूंना मारतात का हे बघणं, ही पहिली पायरी कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागालाही झेपते. महाग असतं ते पुढचं. मात्र माती ग्रामसभेला विचारूनच उचलायची. मेंढा (लेखा)ने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो उगाच नाही, आणि लाभात गावाचा वाटा २००२ च्या जैवविविधता कायद्यातच आहे.

हे सगळं उद्या सकाळी सुरू झालं, तरी गोळी हातात पडायला दहा-पंधरा वर्षं सहज जातील. तुमची सर्दी आठवड्यात बरी होते, गोळी न घेताही.